गोदामातल्या रॅकच्या पायाला कठडा आहे का?

आरोग्याच्या पानावर आपण रक्तदाब, साखर, टीबी, बाळंतपण यांवर बोलतो. या वेळी लोखंडावर बोलणार आहोत. आपल्या वस्तीतून रोज पहाटे कंपनीच्या बसने जी पोरंपोरी कामाला जातात, त्यांतली बरीच आता गोदामात जातात. भिवंडीकडे पूर्णा, राहनाळ, काल्हेर, मानकोली, पुण्याकडे चाकण, तळेगाव, नागपूरकडे बुटीबोरी. कुणी लोडर, कुणी पिकर, कुणी पॅकर, कुणी फोर्कलिफ्ट चालवतो. घरच्यांना एवढंच माहीत असतं की पोरगं 'वेअरहाऊसला' आहे, काम शेडखाली आहे, उन्हातान्हात नाही. त्या शेडमध्ये पोराच्या डोक्यावर काय टांगलेलं आहे, हे फारसं कुणी विचारत नाही.

आम्हीही पूर्वी विचारत नव्हतो. आम्ही नर्स म्हणून एका रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी करत होतो, तेव्हाची गोष्ट. मध्यरात्रीनंतर एका पोराला टेम्पोत घालून आणलं. वय विशी-बाविशीचं. मांडीपासून खाली पाय चेचलेला. सोबतचा माणूस म्हणाला, "मोटारसायकलवरून पडला." जखम धुताना आत लाकडाच्या फळीचे बारीक तुकडे निघाले. रस्त्यावरची माती नव्हती, खडी नव्हती. आम्हाला दिसलं, पण आम्ही विचारलं नाही. केसपेपरवर सांगितलं तसं लिहिलं गेलं. पुढे पाय कापावा लागला. महिन्याभराने त्याची आई आली आणि म्हणाली, "बाई, तो गोदामात होता. रॅकवरून माल पडला. पण आता कंपनी म्हणते, कागदावर मोटारसायकल आहे." त्या माउलीला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. हे पान लिहायला बसलो ते तिच्यामुळे.

रॅक म्हणजे काय?

आपल्या घरात भांड्यांची मांडणी असते. भिंतीला चार खिळे मारून ती पक्की करतो. एक खिळा ढिला झाला, की घरातली बाई लगेच म्हणते, "मांडणी हलते आहे, आधी ती बघा." तिला ठाऊक असतं की दोष मांडणीच्या खिळ्यात असला, तरी डोक्यावर येणार ती सगळी भांडी.

गोदामातला रॅक हीसुद्धा मांडणीच आहे, फक्त बहुतेक वेळा तिला भिंतीचा आधार नसतो. ती आपल्या पायांवर उभी असते. उभे लोखंडी खांब, त्यांच्या भोकांत अडकवलेले आडवे बीम, खांबांना एकमेकांशी बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या, खाली पायाची प्लेट आणि ती जमिनीत धरून ठेवणारे अँकर बोल्ट. बीमवर लाकडी किंवा प्लॅस्टिकचे पॅलेट ठेवतात आणि पॅलेटवर माल रचतात.

आता वजन मोजू. एका पॅलेटवर एक टन माल धरा. एका थरावर दोन पॅलेट आणि असे चार थर. म्हणजे एका खणात आठ टन. हे आठ टन पेलणारा खांब भरीव नसतो. पत्रा वाकवून, भोकं पाडून तो केलेला असतो आणि त्या पत्र्याची जाडी साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास असते. यात फसवणूक काही नाही. सरळ उभा असेल तर असा खांब भरपूर वजन पेलतो. पण तो 'सरळ' असला पाहिजे. रिकामा पत्र्याचा डबा उभा ठेवून त्यावर पाय दिला तर तो तग धरतो. बाजूने बोटाने नुसतं दाबलं की त्याच पायाखाली चपटा होतो. रॅकच्या खांबाचंही तसंच आहे. खालच्या बाजूला पडलेली एक चिप त्याची ताकद घटवते. आणि सगळे खण बीमने एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक खांब बसला तर शेजारचे खणही ओढले जाऊ शकतात.

धक्का कुठे लागतो?

खांबाला धक्का लागतो तो बहुतेक वेळा खालीच आणि तो फोर्कलिफ्टचा असतो. गल्ली अरुंद, वळण तंग, माल उंच रचल्यामुळे समोरचं दिसत नाही आणि मागून सुपरवायझर ओरडतो आहे की गाडी लावली आहे, लवकर भरा. गाडीचा मागचा भाग वळताना खांबाला घासतो. आवाज होतो, रंग उडतो, काम पुढे चालू राहतं. दुसऱ्या दिवशी कुणी दुसरा घासतो. तो खांब वरून आठ टन पेलत तसाच उभा असतो.

माल घेतलेली फोर्कलिफ्ट एकूण चार टनांच्या आसपास भरते. ती माणसाच्या भराभर चालण्याच्या वेगाने, म्हणजे तासाला सहा किलोमीटरने जात असेल, तर तिच्या धक्क्यातली ताकद साधारण साडेपाच हजार ज्यूल होते. ज्यूल म्हणजे किती हे असं समजा: चाळीस किलोचं पोतं एक मीटर उंचीवरून पडलं, तर तो दणका सुमारे ४०० ज्यूलचा. साडेपाच हजार म्हणजे तेच पोतं चार-पाच मजल्यांवरून टाकल्यासारखं. आणि वेग दुप्पट झाला की दणका चौपट होतो.

कठडे: कोणते आणि कुठे?

म्हणून रॅकच्या पायाशी संरक्षण लागतं. ते दोन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार म्हणजे खांबाचा गार्ड. खांबासमोर जमिनीत बोल्टने बसवलेलं पिवळं लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकचं कवच. युरोपातल्या रॅकच्या नियमावलीत त्याचं माप दिलेलं आहे: उंची किमान ४०० मिलिमीटर, म्हणजे साधारण गुडघ्यापर्यंत, आणि किमान ४०० ज्यूलचा धक्का सोसण्याची ताकद. रॅकच्या रांगेच्या टोकाचे खांब आणि जिथे गल्ल्या एकमेकींना छेदतात तिथले खांब, इथे तो हवाच, कारण गाड्या तिथे वळतात.

पण वरचा हिशेब आठवा. ४०० ज्यूल म्हणजे चार टनांची गाडी तासाला दीड किलोमीटरच्या आसपास सरकताना जेवढा धक्का देईल तेवढाच. म्हणजे गार्ड हळू घासणाऱ्या गाडीपासून वाचवतो. वेगाने येणाऱ्या गाडीला तो थांबवेल अशा भरवशावर राहू नये. त्यासाठी दुसरा प्रकार लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे रांगेच्या टोकाला आडवा लावलेला कठडा. हायवेच्या कडेला पत्र्याचा आडवा कठडा असतो ना, त्याच जातीचा. लोखंडी असेल किंवा धक्का खाऊन पुन्हा सरळ होणाऱ्या जाड प्लॅस्टिकचा. त्याच्या बाबतीत तीन गोष्टी बघायच्या.

एक, तो जमिनीत रोवलेला असावा, रॅकला जोडलेला नसावा. रॅकला जोडलेला कठडा आपला धक्का रॅकलाच देतो.

दोन, कठडा आणि रॅक यांच्यामध्ये मोकळी जागा असावी. धक्का बसला की कठडा वाकणार, वाकूनच तो धक्का जिरवतो. मागे जागा नसेल तर वाकलेला कठडा सरळ खांबावर जाऊन बसतो.

तीन, खालचं काँक्रीट पक्कं असावं. फुटक्या लादीत किंवा भुसभुशीत कोब्यात ठोकलेला बोल्ट पहिल्याच धक्क्याला उपटून येतो.

याच कठड्याचा आणखी एक भाऊ आहे: माणसांच्या चालण्याची वाट आणि फोर्कलिफ्टची वाट यांच्यामधला कठडा. रॅक न पडताही माणूस गाडीखाली येऊ शकतो. जमिनीवर पिवळा पट्टा ओढला म्हणजे वाट वेगळी झाली असं नाही. रंगाने गाडी थांबत नाही.

मागचा स्टॉपर: जो कुणाला दिसत नाही

कठड्याचं काम खाली असतं. वर दुसरं काम असतं, स्टॉपरचं. कुणी त्याला बॅकस्टॉप म्हणतात. बीमच्या मागच्या बाजूला लावलेली ती आडवी दांडी किंवा लोखंडी कोन असतो.

ती कशासाठी? ड्रायव्हर खाली बसून सात-आठ मीटर उंचीवर पॅलेट ठेवतो. पॅलेटची मागची कड त्याला दिसत नाही. अंदाजाने ढकलतो. जरा जास्त ढकललं की पॅलेट मागच्या बीमवरून पुढे सरकतं. मागे भिंत नसेल तर ते मागच्या गल्लीत पडतं. मागे पाठीला पाठ लावून दुसरा रॅक असेल, तर त्यावरच्या पॅलेटला ढकलतं आणि ते पलीकडच्या गल्लीत पडतं. त्या गल्लीत आपली एखादी पोरगी हातात स्कॅनर घेऊन बॉक्स शोधत असते. इकडे गाडी चालू आहे हे तिला ठाऊकही नसतं.

आठ मीटरवरून सुटलेला बॉक्स सव्वा सेकंदात जमिनीवर येतो. मान वर करायलाही तेवढा वेळ पुरत नाही. खाली येईपर्यंत त्याचा वेग तासाला पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास झालेला असतो. तो बॉक्स दहा किलोचा असेल तर दणका जवळजवळ आठशे ज्यूलचा. डोक्यावरचं हेल्मेट युरोपच्या मानकाप्रमाणे तपासतात, तेव्हा पाच किलोचं वजन एक मीटरवरून टाकतात. तो दणका पन्नास ज्यूलच्या आत असतो. म्हणून हेल्मेट घालायचंच, पण "हेल्मेट दिलं आहे ना" हे स्टॉपर नसल्याचं उत्तर होऊ शकत नाही.

स्टॉपरबद्दल एक गोष्ट ड्रायव्हर पोरांनी नीट लक्षात ठेवावी. स्टॉपर दोन तऱ्हेचे असतात. एक नुसता राखणदार. पॅलेट नीट जागेवर असेल तर त्याला टेकत नाही, मध्ये थोडी जागा राहते. चुकून जास्त ढकललं गेलं तरच तो अडवतो. दुसरा टेकवण्यासाठीच बनवलेला. त्याला पॅलेट टेकलं की ड्रायव्हरला कळतं. या दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक वेळी रॅकला धक्का बसतो, म्हणून तो रॅक मुळात तेवढा धक्का धरून बनवलेला असावा लागतो. पुष्कळ ठिकाणी असतो राखणदार आणि पोरं त्याला रोज टेकवतात: "ठक्क आवाज आला की समजायचं बसलं." त्या प्रत्येक 'ठक्क'ने अख्खा रॅक हलतो. म्हणून आपल्या गोदामातला स्टॉपर कोणत्या तऱ्हेचा आहे, हे सुपरवायझरला विचारून घ्या.

पॅलेटवर सुटे बॉक्स असतील तर एका दांडीने भागत नाही, बॉक्स तिच्या वरून-खालून निसटतात. तिथे मागे जाळी हवी. आणि माल पॅलेटला प्लॅस्टिकच्या फिल्मने घट्ट गुंडाळलेला हवा.

आणखी चार छोट्या गोष्टी

पिन: बीम खांबात नुसता अडकवलेला असतो. फोर्कलिफ्टचे काटे वर जाताना बीमला खालून लागले तर तो निघू शकतो. तो निघू नये म्हणून प्रत्येक टोकाला छोटी लॉक पिन असते. पडलेल्या पिना कुणी परत लावत नाही.

बोल्ट: पायाच्या प्लेटमधले अँकर बोल्ट जागेवर आहेत का, ढिले आहेत का.

पाटी: एका थरावर किती किलो आणि एका खणात एकूण किती, हे लिहिलेली पाटी रॅकवर असावी. उंच माल बसवण्यासाठी खालचा बीम काढला किंवा वर सरकवला तर खांबाचा उघडा भाग लांब होतो आणि त्याची ताकद घटते. मग जुनी पाटी खोटी ठरते. बीम हलवायचा तर रॅक बनवणाऱ्याला विचारूनच.

वाकलेला खांब: युरोपच्या नियमावलीत खांबाला एक मीटरची सरळ पट्टी लावून वाक मोजतात. गल्लीतून आतल्या दिशेने खांब ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि बीमच्या दिशेने ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला असेल, तर तो दोषी धरतात. ३ मिलिमीटर म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर होणारी जाडी, साधारण एवढंच. मर्यादेच्या आत असेल तर हिरवा: नुसतं लक्ष ठेवा. मर्यादेबाहेर गेला तर पिवळा: तिथला माल काढल्यावर दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा भरू नका. मर्यादेच्या दुपटीहून जास्त असेल तर लाल: माल ताबडतोब उतरवा आणि जागा बंद करा. वाकलेला खांब हातोड्याने ठोकून किंवा तापवून सरळ करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो बदलायचा असतो. याच नियमावलीप्रमाणे गोदामातल्या जबाबदार माणसाने दर आठवड्याला नजर टाकायची असते आणि वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी करायची असते. आपल्याकडचे अनेक रॅक बनवणारेही याच युरोपच्या मापांवर रॅक बनवतात. तेव्हा "असले नियम आपल्याकडे कुठे असतात" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

"पोरगाच बेफिकीर होता"

ब्राझीलमध्ये साओ लुईस शहरात २ ऑक्टोबर २०२० रोजी एका मोठ्या घाऊक दुकानात उंच रॅक कोसळले. एक रॅक पडला आणि पत्त्यांच्या डावासारखे शेजारचे पडत गेले. दुकानात काम करणारी एक तरुण मुलगी गेली, आठ जण जखमी झाले. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात मे २०१६ मध्ये चीज साठवण्याच्या गोदामात रॅक कोसळले आणि फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर ढिगाऱ्याखाली गाडला गेला. काही तासांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो सुखरूप होता. त्याच्या गाडीवरच्या मजबूत पिंजऱ्याने त्याला वाचवलं. आपल्याकडे काही पोरं बघतात की उंच माल दिसत नाही म्हणून तो पिंजरा काढून ठेवतात. ते कधीही करू नका.

अपघात झाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. घरचे म्हणतात, "नशीब." मुकादम म्हणतो, "पोरगाच बेफिकीर होता." आपण बुद्धांचं ऐकणारी माणसं आहोत. कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपल्याला शिकवलेलं आहे. मग कारण शोधायला नको का? पोराने खांबाला धक्का दिला हे खरं असेल. पण बारा तासांच्या पाळीच्या अकराव्या तासाला दिला का? गल्ली गाडीच्या मापाची होती का? खांबाला गार्ड होता का? आधी वाकलेला खांब कुणी बदलला का? माणूस थकणार, माणूस चुकणार. कठडा आणि स्टॉपर लावतात ते याच कारणाने, म्हणजे एका चुकीची किंमत पायाने किंवा जिवाने मोजावी लागू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. कामाचे तास हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपण आज ओव्हरटाइमच्या पैशांसाठी ते तास गपचूप परत देतो आहोत, याचाही विचार व्हावा.

घरी काय विचाराल?

रात्री जेवताना पोराला किंवा पोरीला सहज विचारा:

– तुमच्या रॅकच्या टोकाला जमिनीत रोवलेला कठडा आहे का? खांबांना गार्ड आहे का?

– मागे स्टॉपर किंवा जाळी आहे का?

– बीमच्या पिना जागेवर आहेत का?

– वजनाची पाटी आहे का आणि ती कुणी पाळतं का?

– खांबाला धक्का लागला तर सांगायची सोय आहे का, की सांगणाऱ्याचा पगार कापतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जिथे सांगणाऱ्याला दंड होतो तिथे सगळे धक्के लपवले जातात आणि लपवलेलाच धक्का पुढे जीव घेतो.

वाकलेला खांब दिसला तर त्या खणाखाली थांबू नका आणि फोटो काढता येत असेल तर काढा. तक्रार एकट्याने करू नका, चार-पाच जणांनी मिळून करा. तोंडी नको, लेखी करा. निदान सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. दाद लागली नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. गोदाम कारखान्याच्या आवारात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही देता येतो. अर्ज लिहायला जमत नसेल तर रविवारी विहारात या, आम्ही बसून लिहून देतो.

अपघात झालाच तर

पहिली गोष्ट, धावत ढिगाऱ्याखाली शिरू नका. शेजारचा रॅकही पडू शकतो. सगळ्या फोर्कलिफ्ट बंद करायला लावा. १०८ किंवा ११२ ला फोन करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवा. खांद्यावर टाकून पळवू नका, बसवू नका. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोराने दाबत राहा. तोंडाने पाणी, चहा काही देऊ नका. कदाचित लगेच ऑपरेशन करावं लागेल.

हात किंवा पाय मालाखाली दबला असेल तर सुरक्षितपणे जमेल तितक्या लवकर वजन काढा आणि किती वेळ दबला होता ते लक्षात ठेवा. हे डॉक्टरांना सांगायचंच. जास्त वेळ दबलेल्या स्नायूंतून विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हृदयाचे ठोकेही बिघडतात. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात घरांखाली दबलेल्या माणसांत डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. बाहेर काढल्यावर माणूस बोलत होता, बरा वाटत होता आणि काही दिवसांनी गेला. म्हणून "हाड मोडलं नाही, घरी न्या" असं कुणी म्हणालं तरी नेऊ नका. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा कमी झाली तर तो धोक्याचा इशारा आहे.

रुग्णालयात खरंच सांगा

आता त्या आईची गोष्ट पुन्हा आठवा. रुग्णालयात पहिलं वाक्य काय बोलता, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. "कामावर असताना, अमुक गोदामात, रॅकवरचा माल अंगावर पडला." एवढंच, पण हेच बोला. सोबत ठेकेदाराचा माणूस असेल आणि तो दुसरंच सांगत असेल, तर नर्सला किंवा डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा. 'एमएलसी' म्हणजे पोलिसांकडे कळवायची केस म्हणून नोंद झाली का ते विचारा. केसपेपर वाचून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. कंपनीच्या अपघात वहीत नोंद करायला सांगा.

पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची कपात होते का ते आजच बघा. कामगाराचा वाटा पाऊण टक्का असतो. कामावरच्या अपघातासाठी ईएसआयसीचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं, ठेकेदाराच्या कामगारालाही असतं. उपचार मिळतात, बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन असते आणि कामगार गेलाच तर घरच्यांनाही. ईएसआयसी लागू नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई मिळवण्याचा हक्क कायद्याने आहे. माथाडी मंडळात नाव असेल तर तिथेही कळवा. "पन्नास हजार घ्या आणि इथे सही करा" असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी तो वाचायला द्या.

त्या रात्री आम्ही एक प्रश्न विचारला असता, तर त्या पोराचा पाय वाचला नसता, पण त्याच्या घराची चूल वाचली असती. आता आम्ही प्रत्येक जखमी पोराला पहिला प्रश्न तोच विचारतो: "बाळा, कुठे कामाला होतास?" तुम्ही तो प्रश्न अपघाताच्या आधीच विचारा. आज रात्री जेवताना विचारा.

जय भीम.